अथेन्सचं न्यायालय वर्गात भरवायचं तर: सोडत, पाणी आणि मतचकत्या

सॉक्रेटिसला अथेन्सच्या लोकशाहीने मारलं, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण लोकशाहीने म्हणजे नेमकं कोणी? इ.स.पू. ३९९ मधल्या त्या खटल्यात आजच्या अर्थाने न्यायाधीश नव्हता, सरकारी वकील नव्हता, आरोपीचा वकीलही नव्हता. समोर पंच म्हणून बसले होते पाचशेच्या आसपास साधे नागरिक. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, आपसात चर्चा न करता मत टाकलं आणि संध्याकाळच्या आत निकाल लागला. हे वाचून समजतं, पण अंगवळणी पडत नाही. त्यासाठी ती यंत्रणा हाताने बनवून चालवावी लागते.

इथे दिलेली रचना ५५ जणांसाठी आहे: पंच व्हायला उत्सुक ५०, फिर्यादी ३, आरोपी १ आणि कार्यक्रम चालवणारा १. महाविद्यालयाचा वर्ग किंवा मोठं वाचन मंडळ असेल तर नेमकी बसते. सामान आदल्या दिवशी तयार असेल तर दोन तास पुरतात.

आपल्याला ही यंत्रणा इतक्या बारकाईने माहीत आहे ती ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथामुळे. तो इजिप्तमध्ये पपायरसवर सापडला आणि १८९१ साली छापला गेला. त्याच्या शेवटच्या प्रकरणांत न्यायालयाचा एक दिवस जवळजवळ मिनिटामिनिटाने सांगितला आहे. मात्र ते वर्णन इ.स.पू. ३३०-३२० च्या सुमाराचं, म्हणजे सॉक्रेटिसच्या खटल्यानंतर साठ-सत्तर वर्षांचं. आपण त्या काळची यंत्रणा आणि आधीचा खटला एकत्र करतो आहोत, हे सहभागी लोकांना सुरुवातीलाच सांगावं. नाहीतर सॉक्रेटिसच्या पंचांनीही मतदानासाठी याच चकत्या टाकल्या असा समज घेऊन लोक घरी जातात.

आधी बाहेर कोण, ते ठरवा

सामान मांडण्याआधी सगळ्यांना उभं करा आणि एकेक अट वाचा. ज्याला अट लागू होत नाही त्याने खाली बसायचं. पंच होण्यासाठी पुरुष असावं लागे. नागरिक असावं लागे, आणि इ.स.पू. ४५१ च्या पेरिक्लीसच्या कायद्यानंतर नागरिकत्वासाठी आई आणि वडील दोघंही अथेनियन असावे लागत. वय तीस पूर्ण हवं. राज्याचं देणं थकलेलं नसावं. स्त्रिया, पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहणारे परदेशी आणि गुलाम या सगळ्यांना दार बंद. महाविद्यालयातला अख्खा वर्ग दुसऱ्या-तिसऱ्या अटीतच खाली बसतो. मग सगळ्यांना पुन्हा उभं करून खेळ सुरू करायचा. यात पाच मिनिटं जातात, पण ही पायरी गाळू नका. ती गाळली की अथेन्सची लोकशाही होती त्याहून फार गोड दिसायला लागते.

सोडतीचं यंत्र

दर वर्षी ६,००० पंचांची यादी होई, दहा जमातींतून प्रत्येकी ६००. त्यातले जे सकाळी हजर होत त्यांच्यातून त्या दिवसाचे पंच क्लेरोटेरियन नावाच्या यंत्राने निवडले जात. अथेन्सच्या अगोरामधल्या, म्हणजे जुन्या बाजारचौकातल्या संग्रहालयात या यंत्राचा संगमरवरी तुकडा आहे. उभ्या शिळेवर खाचांचे ११ उभे रकाने, आणि बाजूला नळी बसवायची जागा. ग्रंथातल्या वर्णनात प्रत्येक यंत्राला पाच रकाने आहेत. आपण तेच घेऊ.

साधारण ४५ बाय ६० सेंमीचा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर ५ उभे रकाने आणि १० आडव्या ओळी आखून ५० आडव्या फटी पाडा. प्रत्येक फट २ सेंमी रुंद आणि ३ मिमी उंच. नावपट्ट्या म्हणून घसा तपासताना डॉक्टर वापरतात त्या रुंद लाकडी पट्ट्या उत्तम. आइस्क्रीमच्या अरुंद काड्या फटीतून निसटतात. अथेन्समध्ये ही नावपट्टी, पिनाकियन, आधी कांस्याची आणि पुढे बॉक्सवुडची असे. तिच्यावर माणसाचं नाव, वडिलांचं नाव, त्याचं गाव आणि एक अक्षर लिहिलेलं असे. तसंच लिहायला सांगा: नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव आणि अ, ब, क, ड, इ यांपैकी एक अक्षर. एका अक्षराचे दहा जण.

आता नळी. ग्रंथात ठोकळे म्हटलं आहे, पण आपल्याला गोट्याच सोयीच्या, कारण ठोकळे नळीत तिरके होऊन अडकतात. नेहमीची गोटी १६ मिमीची असते. ५ पांढऱ्या आणि ५ काळ्या, एकाच मापाच्या गोट्या घ्या. रंग देऊ नका: रंगाचा थर चढला की गोटी जाड होते आणि हाताला ओळखूही येते. वायरिंगचा पाइप आणायला जाताना गोटी बरोबर न्या. गोटी आत सोडल्यावर २ ते ३ मिमी मोकळीक राहायला हवी. याहून जास्त असेल तर दोन गोट्या एकमेकींच्या बगलेत शिरतात आणि पाइप तुंबतो.

पाइपाच्या खालच्या टोकाशी आरपार भोक पाडून सायकलचा स्पोक घाला, अगदी मधोमध. सगळ्या गोट्या त्यावर थांबतात. त्याच्या वर १७ मिमीवर दुसरा स्पोक. हा मात्र मधोमध नको, मध्यापासून चार-पाच मिमी बाजूला. दोन गोट्या मध्यावर एकमेकींना टेकतात, फट कडेला असते. मधून स्पोक घालायला गेलात तर तो गोटीवर आपटतो. वापरताना आधी वरचा स्पोक आत, मग खालचा बाहेर: एक गोटी पडते. पुन्हा खालचा आत, वरचा बाहेर: पुढची गोटी खाली सरकते. स्पोकचं जमलं नाही तर पाइपाच्या तोंडाशी अंगठा धरूनही काम होतं, फक्त तो अंगठा सोडतीत नाव आलेल्या माणसाचा असावा.

गोट्या पाइपात हाताने एकेक टाकू नका, तिथेच लबाडी शिरते. कापडी पिशवीत हलवून, कापलेल्या बाटलीच्या नरसाळ्यातून एकदम ओता. नरसाळ्याच्या मानेत दोन-तीन गोट्यांची कमान बसून अडतं. बाटलीला टिचकी मारा, आत काडी घालू नका.

चालवायचं असं. प्रत्येक अक्षराच्या पट्ट्यांची एक टोपली. त्यातून एक पट्टी न बघता काढायची. ज्याची ती निघेल तोच त्या अक्षराच्या सगळ्या पट्ट्या आपल्या रकान्यात वरून खाली खोचणार. हे काम सोडतीने का? ग्रंथातच कारण दिलं आहे: तोच माणूस रोज खोचू लागला तर लबाडी करेल. पट्ट्या लागल्या की गोट्या सोडा. पहिली गोटी पहिल्या ओळीसाठी. पांढरी आली तर त्या ओळीतले पाचही जण आज पंच, काळी आली तर पाचही जणांनी पट्ट्या घेऊन घरी जायचं. दहाव्या गोटीपर्यंत २५ पंच ठरतात. कोणी गैरहजर असेल तर सगळ्यात आखूड रकान्याइतक्याच ओळी धरा, गोट्या तेवढ्याच ठेवा आणि उरलेल्या पट्ट्या बाजूला काढा. पांढऱ्या गोट्यांची संख्या विषम ठेवायची, म्हणजे पंचही विषम होतात.

एक गोटी पाच जणांचं भवितव्य ठरवते, आणि ते पाच जण पाच वेगळ्या अक्षरांचे असतात. खोचणाऱ्याने मित्रांना एका ओळीत बसवायचं म्हटलं तरी त्याच्या हातात एकच रकाना असतो, आणि कोणत्या ओळीला कोणती गोटी येईल हे त्यालाही माहीत नसतं. इतकी काळजी उगाच घेतलेली नाही. अथेन्समध्ये पंचांना लाच देण्याची सुरुवात ॲनिटसने केली असं याच ग्रंथात नोंदलेलं आहे. हाच ॲनिटस पुढे सॉक्रेटिसच्या तीन फिर्यादींपैकी एक होता.

आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, समान मतं पडली तर चिठ्ठी काढतात. पण आपली सोडत जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवते, माणूस, समान मतांचा अपवाद सोडला तर, मतदानानेच ठरतो. अथेन्समध्ये माणूसच सोडतीने ठरे, आणि पंचच नव्हे तर कारभार पाहणारं पाचशेंचं मंडळ आणि बहुतेक अधिकारीही. सेनापतींची मात्र निवडणूक होई. सॉक्रेटिसचा आक्षेप नेमका इथे होता. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याच्या नोंदीप्रमाणे त्याच्यावर ठपका होता की, सुकाणूवाला, सुतार किंवा बासरीवादक कोणी सोडतीने निवडत नाही, मग राज्य चालवणारा का निवडता, असं तो तरुणांना शिकवतो. हा प्रश्न वर्गात गोट्या पडत असतानाच विचारा. पट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो जास्त नीट कळतो.

ओकच्या फळांवर अक्षरं घालून पंचांना वेगवेगळ्या न्यायालयांत वाटणं आणि त्या-त्या न्यायालयाच्या रंगाच्या काठ्या देणं हा भाग वगळा. आपलं न्यायालय एकच आहे.

पाण्याचं घड्याळ

अगोरात मातीचं एक क्लेप्सिद्रा, म्हणजे पाण्याचं घड्याळ, सापडलं आहे. त्यात दोन खोस, म्हणजे ६.४ लिटर पाणी मावतं आणि ते रिकामं व्हायला सुमारे ६ मिनिटं लागतात. म्हणजे एक खोस साधारण ३ मिनिटांचा. खासगी दाव्यांत रकमेप्रमाणे पाणी ठरलेलं असे: ५,००० द्राख्मांच्या (द्राख्मा हे अथेन्सचं नाणं) वर असेल तर पहिल्या भाषणाला १० खोस आणि दुसऱ्याला ३, हजारापर्यंतच्या दाव्याला ५ आणि २. आपलं घटिकापात्र पाण्यात बुडत जातं, हे भांडं रिकामं होत जातं.

रंगाची १० लिटरची रिकामी बादली घ्या. तळाशी, बाजूला, ५ मिमीचं भोक पाडा. ६.४ लिटर मोजून भरा आणि जिथे पाणी पोचेल तिथे वरच्या बाजूला दुसरं भोक पाडा, म्हणजे जास्तीचं पाणी आपोआप वाहून जातं आणि प्रत्येक वेळी पातळी तीच राहते. मोबाइलवर वेळ लावून बघा. पहिल्यांदा आठ-दहा मिनिटं लागतील. कानसीने भोक अगदी थोडं थोडं वाढवत सहा मिनिटांवर आणा. बादलीच्या रुंदीप्रमाणे ते ६ ते साडेसहा मिमीच्या आसपास थांबतं. भोकाच्या कडेला प्लास्टिकचा तुरा राहिला तर धार फाटते आणि दर वेळी वेगळी वेळ येते.

सगळ्यात जास्त फसतं ते पुढचं. तीन मिनिटं हवीत म्हणून लोक बादली अर्धी भरतात. पाणी कमी झालं की दाब कमी होतो आणि धार मंदावते. भरलेल्या बादलीचा वरचा अर्धा भाग पावणेदोन मिनिटांत जातो आणि खालचा अर्धा सव्वाचार मिनिटं घेतो. शिक्षेच्या छोट्या भाषणांसाठी ३.२ लिटरचं वेगळं भांडं करा आणि त्याचं भोक स्वतंत्रपणे तीन मिनिटांवर आणा.

वेळ कधी संपली, यावर भांडणं होतात, म्हणून आधीच ठरवा: धार लांब पडायची थांबून भांड्याच्या अंगाला चिकटून ओघळायला लागली की संपली. बोलणाऱ्याला ती धार दिसेल अशा जागी उभं करा. शेवटच्या मिनिटात धार भांड्याच्या जवळजवळ येत जाते आणि वक्त्याचा आवाज आपोआप वाढतो. कायदा किंवा साक्ष वाचली जाताना खासगी दाव्यांत पाणी थांबवत, तेव्हा बूच हाताशी ठेवा. धारेखाली परात आणि जुनं कापड हवंच, नाहीतर पहिल्याच भाषणात पंचांचे पाय भिजतात.

मतचकत्या

कांस्याच्या चकत्या, मध्ये आरपार आस. अर्ध्या चकत्यांचा आस पोकळ, अर्ध्यांचा भरीव. पोकळ म्हणजे फिर्यादीच्या बाजूने, भरीव म्हणजे आरोपीच्या बाजूने. प्रत्येक पंचाला दोन्ही मिळत. अंगठा आणि बोट आसाच्या दोन्ही टोकांवर ठेवलं की कोणती कुठली हे शेजाऱ्यालाही दिसत नाही. मतदान गुप्त राखायला यापेक्षा साधी गोष्ट सुचणं कठीण.

पाच सेंमी व्यासाच्या ५० पुठ्ठ्याच्या चकत्या कापा. मधोमध ६ मिमीच्या स्ट्रॉचा ३ सेंमीचा तुकडा घालून फेविकॉलने चिकटवा. त्यातल्या २५ तुकड्यांची दोन्ही तोंडं एम-सीलने बुजवा. भरीवसाठी पेन्सिल किंवा काडी वापरू नका: जाडी वेगळी झाली की बोटांना कळतं आणि बघणाऱ्यालाही.

दोन भांडी लागतात. कांस्याच्या भांड्यात पडलेलं मत मोजलं जाई, लाकडी भांड्यात उरलेली चकती टाकली जाई. आपल्याकडे पितळी हंडा आणि लाकडी खोकं चालेल. कांस्याच्या भांड्याच्या झाकणाला एका वेळी एकच चकती जाईल अशी फट असे. पुठ्ठ्याच्या झाकणात ही फट अधिकच्या चिन्हासारखी कापा: एक पट्टा साडेपाच सेंमी लांब आणि ४ मिमी रुंद, दुसरा ३.३ सेंमी लांब आणि ८ मिमी रुंद. चकती उभी धरली की बरोबर जाते, दोन एकदम जात नाहीत.

मोजणी फळीवर: पोकळ एका ओळीत, भरीव दुसऱ्या ओळीत, सगळ्यांना दिसेल अशी. नंतर लाकडी खोकंही उघडा. पितळीत १४ पोकळ आणि ११ भरीव असतील, तर लाकडीत ११ पोकळ आणि १४ भरीवच असायला हवेत. तसं नसेल तर कोणीतरी दोन्ही चकत्या एकाच भांड्यात टाकल्या आहेत किंवा चकती खिशात घातली आहे. अशा वेळी मतदान पुन्हा घ्या.

खटला

पंचांकडून शपथ घ्या: कायद्याप्रमाणे मत देईन, कायदा नसेल तिथे माझ्या न्यायबुद्धीने देईन, दोन्ही बाजू सारख्याच ऐकेन. मग पंचांमधून सोडतीने एक जण पाण्यावर आणि चार जण चकत्यांवर बसवा. तेही मत देतील.

आरोप वाचा. फिर्यादी मेलेटस, त्याच्या बाजूने बोलणारे ॲनिटस आणि लायकॉन. नगर ज्या देवांना मानतं त्यांना सॉक्रेटिस मानत नाही, नवी दैवतं आणतो आणि तरुणांना बिघडवतो. फिर्यादीला दोन भांडी पाणी, तिघांनी वाटून घ्यायचं. आरोपीलाही दोन भांडी. आरोपी फिर्यादीला थेट प्रश्न विचारू शकतो आणि फिर्यादीने उत्तर द्यायलाच हवं. सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याच्या 'अपॉलॉजी'मध्ये, म्हणजे या खटल्यातल्या बचावाच्या भाषणांत, सॉक्रेटिस मेलेटसला हाच कायदा दाखवतो.

फिर्यादींची तयारी करून घेताना त्यांना राजकारण आठवू द्या. इ.स.पू. ४०४-४०३ मध्ये 'तीस जणां'नी अथेन्सची लोकशाही मोडून दहशत माजवली. त्यांचा म्होरक्या क्रिटियस सॉक्रेटिसच्या वर्तुळातला होता. ४०३ मध्ये लोकशाही परत आली तेव्हा सर्वसाधारण माफी झाली, म्हणून आरोपपत्रात हे काही नाही. पण पंचांच्या मनात होतं: इ.स.पू. ३४५ मध्ये एस्किनीस हा वक्ता एका खटल्यात पंचांना सरळ म्हणतो की, तुम्ही सॉक्रेटिसला मारलंत ते त्याने क्रिटियसला शिकवलं म्हणून. बचावाच्या बाजूला ४०६ सालची गोष्ट द्या: आर्गिनुसाईच्या लढाईनंतर सेनापतींवर एकत्रित, बेकायदा खटला चालवायला मंडळात बसलेल्या सॉक्रेटिसने विरोध केला होता. ही गोष्ट नसेल तर तो लोकशाहीचा शत्रू एवढंच चित्र उरतं.

भाषणं संपली की लगेच मतदान. इथे हमखास घोटाळा होतो: पंच एकमेकांकडे वळून बोलायला लागतात. आपल्याला पंच म्हटलं की पारावरची बैठक आठवते. अथेन्समध्ये पंचांची चर्चा होत नसे, कायदा समजावून सांगणारा न्यायाधीशही नसे. भाषण चालू असताना आरडाओरडा मात्र भरपूर होई, आणि सॉक्रेटिस तो करू नका अशी पुन्हा पुन्हा विनंती करतो. तेव्हा भाषणात ओरडू द्या, मतदानात गप्प बसवा.

सम मतं पडली तर आरोपी सुटतो. फिर्यादीला पाचवा हिस्साही मतं मिळाली नाहीत तर त्याला हजार द्राख्मा दंड. २५ पंचांत हा हिस्सा ५ मतांचा.

दोषी ठरला तर दुसरा फेरा. कायद्यात शिक्षा ठरलेली नसल्याने दोन्ही बाजू एकेक शिक्षा सुचवतात, प्रत्येकाला छोट्या भांड्याची तीन मिनिटं. पंचांनी त्या दोनांतूनच एक निवडायची, मधला मार्ग नाही. 'थोडी कमी करा' म्हणणारे पंच दर वेळी निघतात, त्यांना चकत्या दाखवा: त्यांत तिसरा प्रकारच नाही. म्हणून शहाणा आरोपी हद्दपारीसारखं काहीतरी सुचवतो, पंचांना घेता येईल असं. सॉक्रेटिसने आधी प्रितानेऑनमध्ये, म्हणजे नगराच्या सरकारी भवनात, राज्याच्या खर्चाने जेवण मागितलं, मग एक मिना, आणि शेवटी प्लेटो, क्रिटो, क्रिटोब्युलस आणि अपोलोडोरस यांच्या जामिनावर तीस मिना. एक मिना म्हणजे १०० द्राख्मा. पंचाचा रोजचा भत्ता ३ ओबोल, म्हणजे अर्धा द्राख्मा. हिशेब फळ्यावर मांडा: तीस मिना म्हणजे पंचाचा ६,००० दिवसांचा भत्ता. रक्कम लहान नव्हती. पंचांना खटकलं ते जेवण, कारण तो मान ऑलिंपिक विजेत्यांचा.

आता खऱ्या आकड्यांशी ताडून बघा. सॉक्रेटिस म्हणतो की, तीस मतं फिरली असती तर मी सुटलो असतो. पंच ५०१ धरले तर सुमारे २८० विरुद्ध २२१. त्याने पुढे हिशेबही केला: ही मतं तिघा फिर्यादींत वाटली तर मेलेटसच्या वाट्याला पाचवा हिस्सा येत नाही, हजार द्राख्मा भरावे लागले असते. २८० भागिले ३ म्हणजे ९३, आणि ५०१ चा पाचवा हिस्सा शंभराच्या वर. हा हिशेब त्याने दोषी ठरल्यावर लगेच, पंचांसमोर केला. तुमच्या २५ मध्ये तीस मतांइतका फरक म्हणजे जेमतेम दीड माणूस.

शेवटी भत्ता. एकेका पंचाचं नाव पुकारून त्याला तीन ओबोल द्या, पुठ्ठ्याची नाणी चालतील, आणि त्याबरोबर त्याची नावपट्टी परत करा. पट्टी दिल्याशिवाय कोणालाही जाऊ देऊ नका: पुढच्या वेळी हीच पट्टी टोपलीत पडायची आहे.